थेंब, मिली आणि ‘क्ष’ : नर्सिंगला जाणाऱ्यांच्या गणिताच्या शंका

या महिन्यातल्या पत्रांत तीन पत्रं एकाच विषयाची निघाली. नर्सिंग, औषधांचे डोस आणि गणिताची धास्ती. अकरा वर्षं वॉर्डात आणि त्यापुढची वीस वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात गेली, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे. म्हणून या वेळी बाकीची पत्रं बाजूला ठेवली आहेत. त्यांची उत्तरं पुढच्या अंकात देईन.

प्रश्न : नमस्कार बाई. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. यंदा बारावी सायन्स झाले. भौतिक, रसायन आणि जीव घेतलं होतं, गणित अकरावीलाच सोडलं. दहावीला गणितात काठावर पास झाले होते. चौथीपर्यंत मराठी शाळेत होते तेव्हा गणित आवडायचं. पाचवीपासून सगळं इंग्रजीत आलं आणि शाब्दिक उदाहरणं दिसली की काही सुचेनासं झालं. मला बीएस्सी नर्सिंग करायचं आहे. ओळखीची एक ताई शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणाली, तिथं औषधाच्या मात्रेची गणितं असतात आणि ती चुकून चालत नाहीत. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. दोन महिने हातात आहेत. सगळं बीजगणित पहिल्यापासून करू का?
– एक विद्यार्थिनी, वाळपईजवळ

उत्तर : बाय, तुझ्या पत्रातल्या एका ओळीवर मी थांबले. चौथीपर्यंत गणित आवडायचं, असं तू लिहिलंस. म्हणजे गणिताचं आणि तुझं काही वाकडं नाही. पाचवीला भाषा बदलली आणि उदाहरण वाचणंच अवघड होऊन बसलं. सत्तरी, डिचोली, पेडणे, काणकोण इथून येणाऱ्या मुलींमध्ये हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. गुणाकार-भागाकार त्यांना झोपेतही येत. पण चार ओळींचं इंग्रजी उदाहरण पुढ्यात आलं की त्यातले आकडे तेवढे उचलायच्या आणि गुणून बघायच्या, नाही जमलं तर भागून बघायच्या.

म्हणून पहिले आठ दिवस एकही गणित सोडवू नकोस. फक्त वाच. उदाहरण इंग्रजीत असू दे, तू ते मोठ्यानं मराठीत सांग. आई चुलीपाशी असेल तर तिला सांग, तिला कळलं तर तुला कळलं. ‘पर’ हा शब्द आला की ‘दर’ म्हण. ‘मिलीग्रॅम पर किलो’ म्हणजे दर किलोला इतके मिलीग्रॅम. ‘ड्रॉप्स पर मिनिट’ म्हणजे दर मिनिटाला इतके थेंब. कागदावर ही ‘दर’ची जागा म्हणजे अपूर्णांकातली आडवी रेघ, वर मिलीग्रॅम आणि खाली किलो.

कधी कधी एका वाक्यात दोन ‘दर’ असतात. ऑर्डर अशी असते : दर किलोला, दर दिवसाला ३० मिलीग्रॅम, तीन डोसांत विभागून. मूल १५ किलोचं. ३० गुणिले १५ म्हणजे ४५० मिलीग्रॅम, हे झालं दिवसभराचं. तीन डोसांत वाटलं की एका वेळचे १५० मिलीग्रॅम. दुसरा ‘दर’ वाचायचा राहिला तर त्या लेकराला प्रत्येक वेळी ४५०, म्हणजे तिप्पट औषध जाईल. गुणाकार कुठंच चुकलेला नाही, चुकलं ते वाचन. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या चुकलेल्या पेपरांत अशाच चुका जास्त असायच्या.

आता काय करायचं आणि काय सोडायचं. बीएस्सी नर्सिंगच्या प्रवेशाला बारावीला गणित असण्याची अट नाही, तेव्हा तिथं तुझं अडत नाही. वर्गसमीकरणं, अवयव पाडणं, बहुपदी हे सगळं आता बाजूला ठेव. तुला लागतील ते अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर, शेकडेवारी, एकक बदलणं आणि एका चलाचं समीकरण, म्हणजे एकच ‘क्ष’ असलेलं. तुझ्या आजोबांच्या वेळी यातल्या बऱ्याच गोष्टींना त्रैराशिक म्हणत आणि ते शाळेत घोटून घेत. चार नारळांना इतके, तर सात नारळांना किती. डोसाचं गणित हे त्याच घरातलं आहे.

एक उदाहरण सावकाश करून दाखवते. मूल १२ किलोचं, ताप आहे. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दर किलोला १५ मिलीग्रॅम द्यायला सांगितलंय. १५ गुणिले १२, म्हणजे हवे आहेत १८० मिलीग्रॅम. हातातल्या बाटलीवर लिहिलंय, ५ मिलीमध्ये २५० मिलीग्रॅम. किती मिली द्यायचं ते माहीत नाही, म्हणून त्याला क्ष म्हणूया.

आता थांब. पेन खाली ठेव आणि नुसता अंदाज कर. ५ मिलीमध्ये २५० आहेत, आपल्याला १८० हवेत. १८० हे २५० पेक्षा कमी. म्हणजे उत्तर ५ मिलीपेक्षा कमीच येणार, पण अर्ध्याच्या, म्हणजे अडीच मिलीच्या वर. हे मनाशी पक्कं झालं की मग लिही : २५० मिलीग्रॅमला ५ मिली, तर १८० मिलीग्रॅमला क्ष मिली. क्ष बरोबर १८० भागिले २५० गुणिले ५. उत्तर ३.६ मिली. अंदाजात बसलं.

घाईत अपूर्णांक उलटा लिहिला, २५० वर आणि १८० खाली, तर उत्तर जवळजवळ ७ मिली येतं. कॅल्क्युलेटर ते निमूटपणे दाखवतो. अंदाज केलेली मुलगी मात्र सात बघितल्याबरोबर म्हणते, हे कसं होईल, पाचाच्या आत यायला हवं होतं. मुलींकडून मी अंदाज आधी समासात लिहून घेत असे आणि त्याला वेगळे गुण देत असे. काही सहकारी म्हणायच्या की त्यात वेळ जातो. माझं मत आजही बदललेलं नाही.

आणि बाटली बदलली तर सगळंच बदलतं. ५ मिलीमध्ये १२० मिलीग्रॅमचं सिरपही बाजारात मिळतं. त्यातून १८० हवे असतील तर ७.५ मिली लागतील. तेच साडेसात मिली कुणी २५० च्या बाटलीतून दिलं तर ३७५ मिलीग्रॅम जातात, दुपटीहून जास्त. औषधाचं नाव तेच, चव तीच, चमचाही तोच. म्हणून उत्तरातच नव्हे तर गणिताच्या प्रत्येक ओळीत आकड्याशेजारी एकक लिहायचं. नुसतं १८० लिहायचं नाही, १८० मिलीग्रॅम लिहायचं. वर-खाली मिलीग्रॅम आणि मिलीग्रॅम उडाले आणि शेवटी मिली उरलं, तर मांडणी बरोबर आहे. शेवटी भलतंच काही उरलं तर आकडेमोड करूच नकोस, मांडणीकडे परत जा. (हे उदाहरण शिकण्यापुरतं आहे. घरातल्या मुलाचा डोस डॉक्टरांनाच विचारायचा.)

आता खरंखुरं बीजगणित. नवजात बाळांच्या वॉर्डात १० टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे शिरेतून द्यायचं साखरेचं पाणी, लागतं. ते तयार मिळतं, पण कधी हाताशी नसतं. २५ टक्क्यांचं आणि ५ टक्क्यांचं असतं, आणि दोन्ही मिसळून १०० मिली करायचं असतं. टक्के म्हणजे १०० मिलीमध्ये इतके ग्रॅम. तेव्हा आपल्याला १० ग्रॅम साखर हवी आहे. २५ टक्क्यांचं क्ष मिली घेतलं, तर दुसरं आपोआपच (१०० – क्ष) मिली. पहिल्यातून येणारे ग्रॅम ०.२५ क्ष, दुसऱ्यातून येणारे ०.०५ (१०० – क्ष), दोन्ही मिळून १०. सोडवलं की ०.२० क्ष बरोबर ५, म्हणजे क्ष बरोबर २५. पंचवीस मिली एकातून, पंचाहत्तर दुसऱ्यातून. ताडून बघ : २५ मिलीतून सव्वासहा ग्रॅम, ७५ मिलीतून पावणेचार, बेरीज दहा.

दहावीत तू हेच समीकरण सोडवलं असशील, पण तिथं ‘क्ष’ला चेहरा नव्हता. इथं तो सिरिंजमध्ये भरायचा आहे. ही मांडणी पहिल्यांदा जमली तेव्हा माझ्या वर्गातली एक मुलगी उठून फळ्यापाशी आली आणि खडूनं ‘क्ष’वर गोल करून म्हणाली, “टीचर, म्हणजे हे फक्त ‘अजून माहीत नाही’ असं लिहिण्याची पद्धत आहे?” याहून चांगली व्याख्या मला अजून मिळालेली नाही.

पातळ करण्याचं गणित तर तुझ्या घरात रोज चालतं. सोलकढीसाठी आगळात, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसात, पाणी घालतेस ना? एक वाटी आगळ आणि नऊ वाट्या पाणी, तर आगळ दहावा हिस्सा. एक वाटी आगळ आणि दहा वाट्या पाणी, तर अकरावा. वॉर्डात ५ टक्के ब्लीचचं ०.५ टक्के द्रावण करताना मुली नेमक्या इथंच अडकतात. दहापट पातळ करायचं म्हणून एकाला दहा पाणी घालतात. एकाला नऊ घालायचं, म्हणजे एकूण दहा होतं. १०० मिली ब्लीच, ९०० मिली पाणी. कढीत हा फरक जिभेला कळणार नाही, पण परीक्षेत आणि वॉर्डात नेमकं उत्तर लागतं.

आता सलाईनच्या थेंबांचं. हे मी जरा लांबवून सांगणार आहे, कारण यात माझी स्वतःची एक चूक आहे.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. नाईट ड्युटी, वॉर्ड भरलेला. पंचाहत्तरीच्या एका आजोबांना ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचं होतं. तासाला १२५ मिली. आमच्याकडचा सेट, म्हणजे सलाईनची नळी, १ मिलीला २० थेंबांचा. १२५ गुणिले २० भागिले ६०, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. हे मला तोंडपाठ होतं, गणित करायची गरजच वाटत नसे. दहा वाजता लावलं, घड्याळाच्या काट्यावर थेंब मोजले, थेंबांचा वेग ठरवणारा रोलर बसवला आणि पुढच्या खाटेकडे गेले. बाटलीवर लेकोप्लास्टची उभी पट्टी चिकटवून तिच्यावर तासातासाच्या खुणा करायची आमची पद्धत होती. त्या रात्री ती चिकटवायची राहिली.

एक वाजता बाटली रिकामी. दोनला संपायला हवी होती. मी सेट बघितला, रोलर बघितला, पुन्हा थेंब मोजले. बेचाळीसच. मग इनचार्ज सिस्टरांनी कचऱ्याच्या डब्यातून सेटचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. त्यावर लिहिलं होतं, १ मिलीला १५ थेंब. स्टोअरमधून त्या दिवशी दुसऱ्या बनावटीचे सेट आले होते. थेंब मोठा होता. मिनिटाला ४२ मोठे थेंब म्हणजे २.८ मिली, तासाला १६८ मिली. मला ३१ थेंब लावायचे होते.

आजोबांना काही झालं नाही. डॉक्टर येऊन तपासून गेले आणि सकाळी त्यांनी चहा मागितला. पण हृदय अशक्त असलेल्या माणसाच्या फुप्फुसात हेच जादा पाणी उतरू शकतं, हे मला माहीत होतं आणि उरलेली रात्र मी त्यांच्या खाटेपाशीच बसून काढली. माझा गुणाकार बरोबर होता. २० हा आकडा मात्र मी पाकिटावरून घेतला नव्हता, सवयीतून घेतला होता. तेव्हापासून सूत्रात आकडा भरताना मी स्वतःला विचारते, हा कुठून आला? केस पेपरवरून, बाटलीवरून की पाकिटावरून? तू पहिल्या दिवसापासून हे विचार.

बारीक थेंबांचा मायक्रो सेट असतो, १ मिलीला ६० थेंबांचा. तासाला ६० मिनिटं आणि मिलीला ६० थेंब, म्हणजे वरचे ६० आणि खालचे ६० उडून जातात. तासाला जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब. तासाला ३० मिली हवंय, तर मिनिटाला ३० थेंब. हे पाठ करू नकोस. एकदा कागदावर ते दोन साठ स्वतःच्या हातानं उडवून बघ.

दोन महिन्यांचं म्हणशील तर पहिले आठ दिवस वाचन, ते सांगितलंच. नंतर सहावी ते आठवीची गणिताची पुस्तकं शेजारच्या मुलांकडून आण आणि त्यातले अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर, शेकडेवारी एवढेच धडे कर, रोज तासभर. महिना त्यात जाऊ दे. उरलेले दिवस डोस, पातळ करणं आणि थेंब. घरातल्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि खोकी टाकू नकोस, त्यांवरच्या लेबलांवरून उदाहरणं तयार कर. आणि दशांशाबद्दल एक नियम आजपासूनच पाळ. अर्धा लिहिताना ०.५ लिही, आधीचं शून्य कधी गाळू नकोस. पाच लिहिताना नुसतं ५ लिही, ५.० लिहू नकोस. टिंब पुसट झालं की त्याचे पन्नास होतात.

प्रश्न : माझी मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. आता इस्पितळांत शिरेतून औषध सोडणारे इन्फ्युजन पंप आले आहेत, मोबाईलवर डोस काढून देणारी अॅप आहेत. मग मुलींना हाताने गणितं करायला लावून त्रास का देतात? तिचे मार्क त्यामुळे जातात.
– एक पालक, म्हापसा

उत्तर : तुमची तळमळ समजते. पंपाबद्दल एवढंच सांगते की त्यात तासाला किती मिली हे माणूसच भरतो. १२.५ च्या जागी १२५ भरलं तर पंप त्याचं काम चोख करील आणि दहापट औषध देईल. काही पंप मर्यादेबाहेर गेल्यावर इशारा देतात, पण ती मर्यादासुद्धा कुणीतरी आधी भरलेली असावी लागते. मोबाईलचंही तेच. वजन पौंडात की किलोत, मिलीग्रॅम की मायक्रोग्रॅम, हे त्याला सांगणारी तुमची मुलगी असते. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलीग्रॅमचा हजारावा भाग, तेव्हा इथली चूक थेट हजारपटीची असते.

मोठा गुणाकार कॅल्क्युलेटरवर करायला माझी हरकत नाही, उलट वॉर्डात करावाच आणि दुसऱ्या सिस्टरकडून स्वतंत्रपणे तपासून घ्यावा. दोघींनी वेगवेगळं गणित मांडायचं आणि मग उत्तर जुळवायचं. एकीनं केलेलं दुसरीनं बघून मान डोलावली, तर त्याला तपासणं म्हणत नाहीत. मार्कांचं म्हणाल तर मुलीचा पेपर घेऊन बसा आणि बघा, मार्क आकडेमोडीत गेलेत की मांडणीत. मांडणीत गेले असतील तर तिच्या शिक्षिकेला नक्की भेटा. ते दोन-तीन आठवड्यांत सुधारतं.

प्रश्न : बाई, माझं वय ३६. साखळी शहराच्या बाजूला एका घरी आजारी आजींची देखभाल करते. शाळा सुटून अठरा वर्षं झाली. देखभालीचा एखादा रीतसर कोर्स करावा असं मनात आहे, पण गणिताची भीती वाटते. आजींना इन्शुलिन द्यावं लागतं. मेडिकलवाल्यानं यावेळी वेगळी सिरिंज दिली. खुणा तेवढ्याच दिसतात, पण आजींच्या लेकीनं ती वापरू दिली नाही. तिचं बरोबर आहे का? आणि असलं गणित मला या वयात जमेल का?
– एक वाचक, साखळी

उत्तर : ताई, आजींच्या लेकीचं शंभर टक्के बरोबर आहे आणि तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत.

आपल्याकडे बाटलीतलं इन्शुलिन मुख्यतः दोन ताकदींचं मिळतं. एकात १ मिलीमध्ये ४० युनिट, दुसऱ्यात १ मिलीमध्ये १०० युनिट. सिरिंजही त्याप्रमाणे दोन. ४० च्या सिरिंजची टोपी साधारणपणे लाल, १०० ची केशरी. पण रंगावर विसंबू नका, अंगावर छापलेला आकडा वाचा. खुणा दोन्हींवर युनिटच्याच असतात, म्हणून त्या सारख्या वाटतात.

त्रैराशिक करून बघूया. ४० च्या सिरिंजवर २० ची खूण म्हणजे अर्धा मिली. १०० च्या सिरिंजवर २० ची खूण म्हणजे ०.२ मिली. आता बाटली १०० ची आणि सिरिंज ४० ची घेऊन २० पर्यंत भरलं, तर अर्धा मिली आलं, आणि त्यात आहेत ५० युनिट. द्यायचे होते २०. आजींची साखर एकदम उतरली असती. उलट झालं, बाटली ४० ची आणि सिरिंज १०० ची, तर ०.२ मिलीमध्ये फक्त ८ युनिट जातात आणि साखर चढीच राहते. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच असेल तेव्हाच टोचायचं. जुळत नसेल तर घरी हिशेब करून भागवायचं नाही. दुकानात जाऊन बदलून आणायची.

हे वर लिहिलेलं तुम्हाला वाचून समजलं असेल, तर कोर्समधल्या गणिताचा बराचसा भाग तुम्हाला समजलाच आहे. एकदा तरी कागदावर स्वतः मांडा, आकडे बदलून : डोस २० ऐवजी १६ युनिट. चारही उत्तरं काढा, दोन जुळणाऱ्या जोड्यांची आणि दोन चुकीच्या. प्रत्येक आकड्यापुढे मिली की युनिट ते लिहा. आणि तो कागद मला पाठवून द्या, मी लाल पेनानं तपासून परत पाठवीन.